ऊसतोड कामगारांवरील संशोधन शोधताना

बीड जिल्ह्यातून दरवर्षी ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबांतील मुलांच्या शिक्षणावर प्रबंध लिहायला घेतला, तेव्हा संदर्भ शोधणे म्हणजे गूगल स्कॉलरवर चार शब्द टाकणे, एवढीच माझी समजूत होती. निकालांचा आकडा हजारोंचा दिसला. मात्र प्रत्यक्षात पहिल्या हजारापुढचे काही उघडता येत नाही, आणि कोणकोणती नियतकालिके आपण धुंडाळली याची यादीही हे साधन देत नाही, त्यामुळे शोध पुरेसा झाला की नाही, हे मार्गदर्शकांना सांगण्याची सोय राहिली नाही.

मग विद्यापीठाच्या ग्रंथालयात बसून, वर्गणी भरून मिळणारे स्कोपस आणि वेब ऑफ सायन्स हे संशोधन-लेखांच्या नोंदींचे दोन संग्रह पाहिले. वेब ऑफ सायन्समध्ये समाजकार्य हा स्वतंत्र विषयवर्ग आहे. दोन्हींत शब्दाच्या मुळापुढे तारांकन दिले की 'मायग्रंट' आणि 'मायग्रेशन' एकाच शोधात सापडतात, आणि तोच शोध सहा महिन्यांनी जसाच्या तसा पुन्हा करता येतो. निकाल मोजके व नेमके आले, पण माझ्या विषयाचा गाभा असलेल्या साखरशाळांविषयी, म्हणजे ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठीच्या हंगामी शाळांविषयी, जवळजवळ काहीच हाती लागले नाही, कारण ते लेखन बहुतांशी संस्थांच्या अहवालांत आणि मराठी पुस्तकांत विखुरलेले आहे.

एकाच लेखाच्या उद्धरणांचा, म्हणजे इतरांच्या लेखनात झालेल्या त्याच्या उल्लेखांचा, आकडा तिन्ही ठिकाणी वेगळा दिसला, तेव्हा मी गोंधळलो होतो. स्कॉलर प्रबंध, अहवाल, क्वचित एकच नोंद दोनदा धरूनही मोजतो. उरलेले दोघे मुख्यतः आपण निवडलेल्या प्रकाशनांतील उल्लेख मोजतात. म्हणून हे आकडे लेखाच्या गुणवत्तेचे माप समजू नयेत, असे माझे मत आहे. जुना लेख पुढे कोणी वापरला, हा माग काढायला मात्र स्कॉलरच मला सर्वांत उपयोगी पडला.

भारतीय प्रबंधांसाठी इन्फ्लिबनेट या विद्यापीठांच्या ग्रंथालयांना जोडणाऱ्या केंद्राचे शोधगंगा हे ऑनलाइन भांडार विनामूल्य आहे. टाटा सामाजिक विज्ञान संस्थेचे 'द इंडियन जर्नल ऑफ सोशल वर्क' 1940 पासून निघते. त्याचे जुने अंक मी ग्रंथालयातच चाळले. शब्द निवडताना आणखी एक काळजी घ्यावी लागते: बीड हे नाव रोमन लिपीत कधी दोन 'ई' घालून, कधी एका 'आय'ने लिहिलेले असते, आणि जुन्या इंग्रजी कागदपत्रांत ते 'भीर' असेही येते. माझे पहिले दोन आठवडे एकाच स्पेलिंगवर गेले.