नवीन स्टीलचा खिशातला चाकू घेतलाय? आधी दोनदा धार लावा, मत नंतर बनवा

गेल्या वर्षी मार्चमध्ये चुलतभाऊ अमेरिकेहून आला तेव्हा माझ्यासाठी एक घडीचा चाकू घेऊन आला, पातं तीन इंचाला थोडं कमी आणि त्यावर बारीक अक्षरात मॅग्नाकट असं, म्हणजे पात्याच्या स्टीलचं नाव, कोरलेलं. आमचं देवगडला हापूसचं पॅकिंग, म्हणजे सीझनभर पुठ्ठा, सुतळी, टेप आणि गोणींच्या शिलाया, चाकू खिशात कमी आणि हातातच जास्त. त्यामुळे पारख करायला याहून चांगली जागा नाही असं मला वाटलं, आणि पहिल्याच आठवड्यात मी साफ नाराज झालो. दोन दिवसात धार गेली. भावाला मेसेज टाकला की बाबा तुझा हा महागडा चाकू आणि आमच्या बाजारातला दीडशेवाला यात मला काही फरक दिसेना. चूक माझी होती, आणि नवीन स्टील घेणारे बरेच जण तीच करतात, म्हणून हे लिहायला बसलोय.

तर कंपनीतून आलेल्या धारेवरून स्टीलचं मत बनवू नका. कारखान्यात धार लावतात ती फिरत्या बेल्टवर, भराभर, आणि धारेचं अगदी टोक इतकं पातळ असतं की ते क्षणात तापतं, आणि तापलं की लोहाराच्या भाषेत त्याचं पाणी उतरतं. बाकी पातं चांगलंच असतं, फक्त काठावरची केसाएवढी जागा मऊ पडलेली असते आणि आपण कापतो नेमकं त्याच जागेने. दोनदा, शक्य झालं तर तीनदा हाताने धार लावून तो काठ घासून काढला की खालचं खरं स्टील वर येतं. माझ्या चाकूत दुसऱ्या धारेनंतर जो फरक पडला त्यावर माझाच विश्वास बसेना.

आता हे स्टील आहे काय ते थोडक्यात सांगतो, कारण ते कळलं की धार कशाने लावायची आणि काय जपायचं हे आपोआप कळतं. मॅग्नाकट आलं २०२१ मध्ये, अमेरिकेतल्या लॅरिन थॉमस नावाच्या धातुशास्त्रज्ञाने त्याची रेसिपी बसवली, त्याचे वडील डेव्हिन थॉमस हे डमास्कस म्हणजे थर देऊन नक्षी उठवलेल्या स्टीलचे नावाजलेले कारागीर, म्हणजे घरातच चाकू. बनवायची क्रूसिबल कंपनी. ती २०२४ च्या डिसेंबरात दिवाळखोरीत गेली, तो वेगळा विषय. हे पावडर स्टील आहे, म्हणजे वितळलेलं स्टील गॅसच्या झोताने उडवून त्याची भुकटी करतात आणि मग ती भुकटी प्रचंड दाबाखाली गरम करून पुन्हा एकजीव करतात. का एवढा खटाटोप, तर स्टीलमध्ये कार्बाइडचे, म्हणजे धातू आणि कार्बन मिळून झालेले टणक कण असतात, धार टिकते ती त्यांच्यामुळे आणि तुटतेही त्यांच्यामुळेच. साध्या पद्धतीने ओतलेल्या स्टीलमध्ये हे कण मोठे आणि ओबडधोबड होतात. लाडवात खडीसाखर घातली तर लाडू वळताना फुटतो, पिठीसाखर घातली तर नाही, तसंच समजा.

यात दुसरी गंमत क्रोमियमची आहे आणि ती मला सगळ्यात आवडली. आपल्याला वाटतं जास्त क्रोमियम म्हणजे गंज कमी. मॅग्नाकटमध्ये क्रोमियम १०.७ टक्के, आणि ऑनलाइन स्वस्तात मिळणाऱ्या चाकूंत असतं ते डी२ स्टील, त्यात १२ च्या आसपास. तरी डी२ पावसाळ्यात लालेलाल होतं आणि मॅग्नाकटला काही होत नाही. कारण डी२ मधलं बरंचसं क्रोमियम कार्बनशी लग्न लावून कार्बाइडमध्ये अडकून बसतं, गंजाशी लढायला मोकळं राहतच नाही. मॅग्नाकटमध्ये कार्बाइड होतात ते ४ टक्के व्हॅनेडियम आणि २ टक्के नायोबियमचे, आणि क्रोमियम सगळं मोकळं. तेव्हा पात्याच्या जाहिरातीतला क्रोमियमचा आकडा बघून काही ठरवू नका.

पण हे व्हॅनेडियमचे कण भलतेच टणक, आपल्या नेहमीच्या कुरुंदाच्या दगडापेक्षाही टणक. म्हणून साध्या दगडावर धार लागत नाही असं नाही, लागते, पण दगड आजूबाजूचं स्टील खातो आणि कणांना नुसतं घासत बसतो, वेळ जातो आणि धारही पूर्ण खुलत नाही. डायमंडची पट्टी घ्या, एक ४०० ग्रिटची म्हणजे जाड दाण्याची आणि एक १००० ची म्हणजे बारीक दाण्याची, बास. आणि सायकलवर चाक फिरवत येतात त्या धारवाल्यांकडे कोयती, विळी, सुऱ्या खुशाल द्या, मीही देतो, पण हा चाकू देऊ नका. कोरडं चाक, ठिणग्या उडतात, म्हणजे कारखान्यात जे झालं तेच पुन्हा आणि जास्त. हे स्टील कडक केल्यावर साधारण १७५ अंश सेल्सियसला तापवून बसवलेलं असतं, त्याच्या खूप वर गेलं की काठ मऊ व्हायला लागतो, आणि चाकावर तेवढी उष्णता यायला दोन सेकंदसुद्धा लागत नाहीत.

कोन कसा धरायचा हा प्रश्न सगळ्यांना पडतो. कोनमापक वगैरे नको. पात्याची रुंदी मोजा, पाठीपासून धारेपर्यंत, माझ्या चाकूची २४ मिमी आहे. पाठ दगडापासून रुंदीच्या पाव भाग, म्हणजे ६ मिमी उचलली की एका बाजूचा कोन साधारण १५ अंश होतो, एक तृतीयांश म्हणजे ८ मिमी उचलली की २० च्या आसपास. दोनचार नाणी एकावर एक ठेवून ती उंची एकदा डोळ्यात बसवा आणि मग नाणी काढून टाका. धारेला काळा मार्कर फासा, दगडावर दोनदा ओढा आणि बघा रंग कुठून गेला, वरूनच गेला असेल तर पाठ जास्त खाली आहे, फक्त टोकावरचा गेला असेल तर जास्त वर. मी सुरुवात १७ अंशांनी केली. वजन टाकू नका, डायमंडला दाबायची गरज नसते, दाबलं की पट्टीवरचे दाणेच निघतात आणि पैसे वाया. पट्टीवर पाण्याचे दोन थेंब टाकले की पुरे.

एका बाजूने घासत राहिलं की दुसऱ्या बाजूला नखाला अडेल अशी एक बारीक कड येते, तिला बर म्हणतात. ती पूर्ण लांबीभर, मुठीपासून टोकापर्यंत आली की मगच बाजू बदलायची. बरेच जण टोकाकडे बर यायच्या आधीच पलटतात आणि मग म्हणतात पुढचा इंचभर कापत नाही. दोन्ही बाजूंनी झालं की १००० वर अगदी हलक्या हाताने एकदा इकडून एकदा तिकडून, दहाबारा वेळा, आणि शेवटी चामड्याच्या पट्ट्यावर, पूर्वी न्हावी वस्तरा ओढायचे ना तसं, पाठ पुढे धार मागे. बर राहिली तर चाकू पहिल्या दहा मिनिटांत वस्तऱ्यासारखा चालतो आणि मग अचानक मान टाकतो, आणि दोष स्टीलवर जातो. माझ्या पहिल्या धारेचं तेच झालं होतं.

आरशासारखी धार करायच्या मागे मात्र लागू नका, निदान पुठ्ठा आणि सुतळीवाल्यांनी तरी. ४०० वरून उठवून १००० वर नुसती बर काढली की काठाला थोडी करवत राहते आणि सुतळीला ती करवतच पकडते. गुळगुळीत धार कागदावर छान वाटते, लाकूड तासायला, पेन्सिलीला छान, सुतळीवर घसरते.

आता पारख. इंग्लंडात शेफील्डला काट्रा म्हणून संस्था आहे, त्यांच्या मशीनवर ५ टक्के वाळूचा अंश असलेल्या जाड कागदाच्या गड्ड्यावर पातं मागेपुढे ओढतात आणि किती कागद कापला ते मोजतात. घरी आपल्याकडे पुठ्ठा आहे, तोही काही कमी नाही, रद्दीपासून बनतो त्यामुळे त्यात माती, रेती सगळं असतं, धार खायला एक नंबर. पण एकटा चाकू घेऊन पुठ्ठा कापत बसलात तर काहीच कळणार नाही. सोबत एक ओळखीचा चाकू घ्या, माझ्याकडे जुना स्विस आर्मी होता, दोन्हींना त्याच पट्टीवर त्याच कोनात धार लावा आणि एकाच पेटीच्या पट्ट्या पाडा, दोघांसाठी आतल्या नळ्यांची दिशा सारखी ठेवून, कारण आडवं कापणं आणि उभं कापणं यात खूप फरक पडतो. दर वीस पट्ट्यांनी वर्तमानपत्राचा कागद हातात धरून काप घ्या. कागद फाटायला लागला, अडकायला लागला की तो आकडा लिहून ठेवा. आणि धार डोळ्यांकडे करून दिव्याखाली धरा, चांगली धार दिसतच नाही, जिथे चमकेल तिथे ती बसलेली.

हे करताना मला जे कळलं ते स्टीलबद्दल कमी आणि पात्याच्या जाडीबद्दल जास्त. स्विस आर्मी मऊ, रॉकवेलवर, म्हणजे कडकपणा मोजायच्या मापावर, ५६ च्या आसपास, मॅग्नाकट नीट कडक केलेलं ६२ ते ६४. तरी टोमॅटो, सफरचंद आणि कैरीच्या फोडी स्विस आर्मी जास्त छान करतो, कारण पातं पातळ आहे. माझा मॅग्नाकटवाला धारेच्या मागे जाडजूड, सफरचंद कापत नाही, फोडतो. पॅकिंगच्या कामात मात्र साधा चाकू जेवणाच्या आधीच दगड मागायचा आणि हा तिसऱ्या दिवशीसुद्धा सुतळी एका ओढीत तोडत होता. तेव्हा चाकू घेताना स्टीलचं नाव बघा पण दुकानात धारेच्या मागची जाडीही बोटांच्या चिमटीत धरून बघा. आणि खरं सांगायचं तर नुसती धार किती टिकते एवढंच हवं असेल तर एम३९० किंवा एस९०व्ही ही स्टीलं याच्यापुढे आहेत. मॅग्नाकटचा मुद्दा हा की धार बऱ्यापैकी टिकते, काठ चटकन तुटत नाही आणि गंजत नाही, तिन्ही एका पात्यात.

गंजाची परीक्षा मी जूनमध्ये घेतली. टिश्यू पेपर मीठपाण्यात भिजवून एक तुकडा यावर आणि एक डी२ च्या पात्यावर, रात्रभर पडवीत. सकाळी डी२ वर नारिंगी नकाशा. याच्या पात्यावर काही नाही, फक्त जिथे नाव कोरलंय त्या अक्षरांत दोन टिपके. लेसरने कोरलेल्या जागेचं वरचं आवरण जळतं, तिथे असं होतं, टूथपेस्ट लावून घासल्यावर गेले. खरा गंज चढला तो क्लिपच्या स्क्रूंना. कोकणात, समुद्राजवळ राहणाऱ्यांनी हे नीट लक्षात ठेवा, पातं कितीही भारी असलं तरी स्क्रू आणि आतल्या चकत्या त्याच स्टीलच्या असतीलच असं नाही. बांगडा साफ केला किंवा लिंबू चिरलं की चाकू उघडाच नळाखाली धरा, झटका, पुसा आणि अर्धा तास उघडा ठेवा, लगेच घडी घालून खिशात नको.

आणि चीक. फणसाचा चीक घडीच्या चाकूत शिरला की विषय संपला. मी एकदा आपलं सहज म्हणून गरे काढायला घेतला, आई बाजूलाच बसली होती, म्हणाली, आधी तेल लाव रे पात्याक, मी म्हटलं स्टेनलेस आहे, काही नाही होत. संध्याकाळी चाकू उघडेना. पाण्याने चीक जात नाही, उलट गोळे होतात. खोबरेल तेल सांध्यात सोडून रात्रभर ठेवलं, सकाळी उघडझाप करत कापडाने पुसत पुसत निघाला. टेपचा चिकटाही तेलानेच जातो. शेवटी जुन्या टूथब्रशने साबणपाणी, आणि पूर्ण सुकल्यावर सांध्यात बारीक तेलाचा एकच थेंब, फळं कापत असाल तर खाण्यायोग्य मिनरल ऑइल. खोबरेल तिथे राहू देऊ नका, थंडीत गोठतं आणि मग पुन्हा चाकू जड चालतो.

चिवट स्टील आहे म्हणून त्याने पेटीचे खिळे उचकायचे नाहीत, शहाळं सोलायचं नाही, सुपारी तर अजिबात नाही, सुपारीत पातं रुतलं की आपण नकळत पिळतो आणि पिळलं की काठाचा तुकडा जातो, तिला अडकित्ताच हवा. माझ्या धारेला एकच दाता पडलाय, पुठ्ठ्याच्या पेटीतली पिन लागून. तो काढायला मुद्दाम पातं घासत बसलो नाही, पुढच्या तीनचार धारांमध्ये जाईल आपोआप. तुमच्याकडे असे बारीक दाते वारंवार पडत असतील तर स्टील बदलू नका, कोन १७ वरून २० करा आणि महिनाभर बघा.

एक राहिलं. विमानाने जाणार असाल तर चाकू चेक-इन बॅगेत टाका, हातातल्या बॅगेत सापडला की सिक्युरिटीवाले ठेवून घेतात. आणि शहरात सणासुदीला किंवा निवडणुकीच्या वेळी पोलीस जमावबंदीबरोबर शस्त्रबंदीचा आदेश काढतात, त्यात सुरेसुद्धा येतात, तेवढे दिवस चाकू घरी ड्रॉवरमध्येच बरा.