टर्बो गाडीचा पिकअप मधेच जातो? या चुका टाळा

दिवे घाट चढताना गाडी अचानक मंदावते. ॲक्सिलरेटर पूर्ण दाबला तरी वेग वाढत नाही. बाजूला घेऊन किल्ली बंद करून पुन्हा सुरू केली की जणू काही झालंच नव्हतं. मग काही दिवसांनी पुन्हा तेच. हे ऐकल्यावर बऱ्याच गॅरेजमध्ये पहिलं उत्तर मिळतं, "टर्बो गेलाय." सगळ्यांत महागडी चूक इथेच होते. खरोखर निकामी झालेला टर्बो (इंजिनात जास्त हवा दाबून भरणारा पंखा) किल्ली फिरवून बरा होत नाही. त्याची लक्षणं म्हणजे शिट्टीसारखा वाढत जाणारा आवाज, निळा धूर, कमी होणारं ऑईल, शाफ्टला आलेला ढिलेपणा. बंद-चालू केल्यावर ताकद परत येत असेल, तर बहुतेक वेळा ईसीयूनेच (इंजिनावर नियंत्रण ठेवणाऱ्या संगणकाने) इंजिन वाचवण्यासाठी ती कमी केलेली असते. यालाच लिंप मोड म्हणतात.

ईसीयूला काय खटकलं, ते तो कोडच्या रूपात साठवतो. म्हणून तपासणीआधी कोड पुसू देऊ नका. कोडसोबत 'फ्रीझ फ्रेम' असते: त्या क्षणी आरपीएम किती होते, इंजिनवर भार किती होता, तापमान किती होतं. कोड पुसला की ही नोंदही जाते. पी०२९९ म्हणजे बूस्ट (टर्बोने वाढवलेला हवेचा दाब) कमी पडला, पी०२३४ म्हणजे जास्त झाला. पण यातला कुठलाच कोड 'हा पार्ट बदला' असं सांगत नाही.

दुसरी चूक म्हणजे सदाशिव पेठेतल्या गल्लीत एक चक्कर मारून "गाडी ठीक आहे" म्हणणं. गर्दीत टर्बोवर पूर्ण भार येतच नाही, मग दोष दिसणार कसा? कात्रजच्या जुन्या घाटात किंवा दिवे घाटात, रहदारी कमी असताना, तिसऱ्या गिअरमध्ये चढावर गाडी ओढून बघावी लागते. कोड आणि आकडे दाखवणारा स्कॅनर शेजारी बसलेल्याच्या हातात हवा, चालवणाऱ्याने नजर रस्त्यावरच ठेवायची. तीन आकडे एकत्र नोंदवा: ईसीयूने मागितलेला बूस्ट, प्रत्यक्ष मिळालेला बूस्ट आणि डिझेल गाडीत रेल प्रेशर, म्हणजे इंजेक्टरकडे जाणाऱ्या डिझेलचा दाब. प्रत्यक्ष बूस्ट मागे पडतोय, तर हवेची गळती किंवा ॲक्च्युएटर (बूस्ट कमी-जास्त करणारा भाग) बघा. मागणीच्या वर उसळतोय, तर व्हीजीटीची (फिरत्या पात्यांनी बूस्ट बदलणाऱ्या टर्बोची) पाती काजळीने अडकत असतील. बूस्ट बरोबर, पण रेल प्रेशर कोसळतंय, तर टर्बोला हात लावू नका, आधी डिझेल फिल्टर बघा. पेट्रोल गाडीत भाराखालीच मिसफायर होत असेल, म्हणजे सिलिंडरमध्ये इंधन नीट पेटत नसेल, तर प्लग आणि कॉइल तपासा. सिलिंडरमधला दाब वाढला की ठिणगीला जास्त व्होल्टेज लागतं.

मॅप सेन्सर (इंजिनात जाणाऱ्या हवेचा दाब मोजणारा) तपासताना पुण्यात एक घोटाळा होतो. किल्ली ऑन, इंजिन बंद असताना तो बाहेरच्या हवेचा दाब दाखवतो. पुणे समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मीटर उंच आहे, त्यामुळे इथे ९५ किलोपास्कलच्या आसपास आकडा येणं योग्यच. मुंबईत तो १०१ च्या जवळ असतो. पुस्तकातला १०१ समोर ठेवून चांगला सेन्सर बदलायला लावतात, ते थांबवा.

होज पाइप नुसते डोळ्यांनी बघून "ओके" म्हणणं हीसुद्धा नेहमीची चूक. इंटरकूलरच्या (टर्बोतून आलेली हवा गार करणाऱ्या भागाच्या) होजची चीर बंद इंजिनवर मिटलेली असते, बूस्ट आला की उघडते. जोडाजवळ ताजा तेलकट डाग दिसला, तर संशय घ्या आणि स्मोक टेस्ट (नळ्यांत धूर सोडून गळती शोधणं) करायला सांगा. बारीक व्हॅक्यूम नळ्याही तपासा. सोसायटीच्या पार्किंगमध्ये, विशेषतः पावसाळ्यात, उंदीर त्या कुरतडतात आणि सोलेनॉइडच्या (विजेवर चालणाऱ्या व्हॉल्व्हच्या) वायरीही सोडत नाहीत.

एप्रिल २०२० नंतरच्या बीएस-६ डिझेल गाडीत डीपीएफही (धुरातली काजळी अडवणारा फिल्टर) तपासा. रोज कोथरूड ते डेक्कन एवढंच चालवलं तर रीजनरेशन (त्यात साठलेली काजळी जाळणं) पूर्ण होत नाही, काजळी साठते आणि ईसीयू ताकद कापतो.

टर्बो खरोखरच बदलावा लागला, तर ऑईलचा फीड पाइपही बदलून घ्या आणि इंटरकूलरमध्ये साचलेलं ऑईल काढायला सांगा. तो पाइप चोंदलेला राहिला, तर नवा टर्बोही ऑईलविना जळतो.