टेरेसवर सोलर बसवण्याआधी टाकीत डोकवा: नाशिकच्या सोसायट्यांनी टाळाव्यात अशा चुका

मे महिन्यात आमच्या सोसायटीची सभा भरली ती सोलरसाठी. सोलरवाल्याने टेरेसवर एक फेरी मारली, २० किलोवॅट सांगितले आणि "बिल शून्य" म्हणाला. त्यानंतर तो काय बोलला ते कोणाच्याच लक्षात राहिलं नाही. मी तेव्हा सेक्रेटरी होतो, बिलांची फाईल माझ्याच कपाटात पडलेली. रात्री मागची १२ महिन्यांची बिलं काढली. कॉमन मीटर पावसाळ्यात महिन्याला ९०० युनिट दाखवत होतं, मार्चनंतर १,५००. लिफ्ट तीच, जिन्यातले दिवे तेच. मग उन्हाळ्यात ही वरची ६०० युनिट खातं कोण?

बोअर. नळाचं पाणी कमी पडलं की वॉचमन बोअर चालू करतो आणि बोअरची मोटार ५ एचपीची आहे. तासाला साधारण साडेचार युनिट.

पाण्याची गळती तशीच ठेवून वर पॅनेल चढवणं

मला ही सगळ्यात महाग चूक वाटते, आणि कोणताही विक्रेता ती दाखवून देणार नाही.

हिशोब सोपा आहे. जमिनीखालच्या टाकीतून २० मीटर वर हजार लिटर पाणी चढवायला, मोटारीत वाया जाणारी वीज धरून, ०.१५ युनिटच्या आसपास वीज लागते. तेच पाणी ३०० फूट खोल बोअरमधून उपसून थेट गच्चीवर न्यायचं तर पाऊण युनिट. म्हणजे पाचपट. आणि आमच्याकडे वरच्या टाकीचा फ्लोट, म्हणजे टाकी भरली की मोटार थांबवणारा तरंगता गोळा, बिघडला होता. टाकी भरून वाहायची, पण ओव्हरफ्लोचा पाइप बिल्डरने पावसाच्या पाण्याच्या पाइपाला जोडलेला. त्यामुळे खाली पाणी सांडताना कधी दिसलंच नाही. रोज दोन तास बोअरची मोटार निव्वळ गटार भरत होती, महिन्याला २७० युनिट. नवा फ्लोट काही शे रुपयांना आला. एवढीच वीज पॅनेलमधून काढायची तर सव्वादोन किलोवॅट लागले असते.

तुमच्याकडे तपासायचं तर रात्री ११ वाजता सगळ्या मोटारी बंद करा आणि वरच्या टाकीची पातळी खडूने आखा. पहाटे ५ ला पुन्हा बघा. झोपेच्या वेळेत चार-सहा इंच पाणी उतरलं असेल तर कोणाचा तरी फ्लश गळतोय. ओव्हरफ्लोचा पाइप मोकळा, डोळ्यांना दिसेल असा सोडा. खाली पाणी पडलं की दोन मिनिटांत कोणीतरी ओरडतंच.

सोलरचं माप चुकवणं

आपल्याकडे १ किलोवॅटमागे दिवसाला सरासरी ४ युनिट धरावीत. जुलै-ऑगस्टमध्ये ढगांमुळे कमी, मार्च-एप्रिलमध्ये जास्त. जागा किलोवॅटला साधारण १०० चौरस फूट. आता वर्षाचा वापर घ्या आणि एका किलोवॅटच्या वर्षभराच्या युनिटने भागा, किती किलोवॅट हवेत ते निघेल. जास्तीची वीज ग्रीडला, म्हणजे वीज कंपनीच्या जाळ्याला, विकून कमाई होईल हा भ्रम आहे. नेट मीटरवर (घेतलेली आणि दिलेली, दोन्ही वीज मोजणारं मीटर) उरलेली युनिट पुढच्या महिन्यात जमा राहतात खरी, पण ३१ मार्चला हिशोब मिटतो आणि शिल्लक युनिटला दर अगदी कमी मिळतो. स्थिर आकार तर बिलात राहतोच. त्यामुळे "शून्य बिल" म्हणणाऱ्याला स्थिर आकाराची ओळ बोट ठेवून दाखवा.

सावलीचंही तसंच. पाहणी बहुतेक वेळा उन्हाळ्यात होते, तेव्हा सूर्य डोक्यावर असतो आणि टेरेसवर सावलीच दिसत नाही. नाशिक २० अक्षांशावर आहे, डिसेंबरात भर दुपारीही सूर्य ४६-४७ अंशांवरच राहतो. पाण्याची टाकी ६ फूट उंच असेल तर दुपारी बारालाही तिची सावली जवळजवळ ६ फूट उत्तरेला पडते, सकाळी नऊला त्याहून लांब. पॅनेल एकापुढे एक माळेसारखी जोडलेली असतात, त्यातल्या एकावर सावली आली तरी सगळी माळ मंदावते. टाकी आणि लिफ्टची खोली यांच्या उत्तरेला पॅनेल नको, एवढं लक्षात ठेवलं तरी पुरे.

अनुदानाबद्दल थोडं. प्रधानमंत्री सूर्यघर योजना फेब्रुवारी २०२४ पासून आहे. एका घराला पहिल्या २ किलोवॅटला प्रत्येकी ३०,००० रुपये, तिसऱ्याला १८,०००, म्हणजे जास्तीत जास्त ७८,०००. सोसायटीच्या सामायिक मीटरसाठी किलोवॅटला १८,०००. अडतं कुठे? वीजबिल अजून आजोबांच्या किंवा आधीच्या मालकाच्या नावावर असतं आणि बँक खातं तुमच्या. आधी नाव बदलून घ्या, मग अर्ज करा. दुसरं, आतल्या सेलसकट (वीज बनवणाऱ्या चकत्या) भारतात बनलेली पॅनेलच अनुदानाला चालतात. स्वस्तातली दुसरी बसवली की पैसे अडकले.

"लाईट गेली तरी सोलर आहे ना"

नाही. बॅटरी नसलेलं ग्रीडवरचं सोलर लाईट गेली की स्वतःहून बंद पडतं, भर उन्हात सुद्धा. खांबावर चढलेल्या लाईनमनला तुमच्या टेरेसवरून शॉक बसू नये म्हणून सोलरचा इन्व्हर्टरच (पॅनेलची वीज घरच्या विजेत बदलणारी पेटी) तसा बनवलेला असतो. बिघाड समजून तक्रार करू नका. लिफ्टसाठी जनरेटर ठेवायचाय की नाही हे सभेत आधीच ठरवा, नाहीतर पहिल्याच वादळात चेअरमनची खैर नाही.

पॅनेल बोअरच्या पाण्याने धुणं

आमच्या वॉचमनने हे मनापासून केलं, तेही दुपारी दोन वाजता. नाशिकच्या काळ्या पाषाणातलं बोअरचं पाणी जड. तापलेल्या काचेवर ते लगेच सुकलं आणि पांढरी साय धरली. महिन्या-दोन महिन्यांत उत्पादन घसरलं, आम्ही विक्रेत्याला शिव्या घातल्या, त्याने येऊन काचेवर नख घासून दाखवलं. तेव्हापासून नळाचं पाणी, सकाळी सातच्या आत, मऊ फडका.

हेच पाणी सोलर हीटरचाही जीव घेतं. हिवाळ्यात पाणी कोमट येऊ लागलं की लोक मोठा हीटर घ्यायला निघतात. आधी आतले क्षार काढून घ्या आणि हीटरला नळाच्या पाण्याच्या टाकीची लाइन जोडा.

नळाला मोटार लावून पाणी खेचणं

ही चूक घराघरात आहे आणि कोणी कबूल करत नाही. नळाला पाणी एक-दोन तास असतं, बाकी वेळ रस्त्याखालचा पाइप रिकामा किंवा कमी दाबाचा. थेट नळाला मोटार जोडली की पाइपात ओढ तयार होते आणि जिथे सांधा सैल असेल तिथून बाहेरचं पाणी आत येतं. शेजारून गटाराची लाइन जात असेल तर काय आत येतं ते सांगायला नको. त्यातलं पहिलं घाण पाणी मोटारवाल्याच्याच घरी जातं, हा एक न्याय. पाणी आपल्या दाबाने खालच्या टाकीत येऊ द्या आणि मोटार त्या टाकीवर लावा. नियमही तेच सांगतो.

"शनिवारी दुरुस्तीसाठी पाणीपुरवठा बंद, रविवारी सकाळी कमी दाबाने" ही सूचना नाशिककरांना तोंडपाठ आहे. त्या रविवारचं पहिलं पाणी टाकीत घेऊ नका. रिकाम्या पाइपातला गंज आणि गाळ त्यातच येतो. दहा मिनिटं बाहेर सोडा, झाडांना घाला.

टीडीएसच्या आकड्यावर विश्वास ठेवणं

शुद्धीकरण यंत्र विकायला आलेला माणूस खिशातून पेनासारखं मीटर काढतो, आकडा दाखवतो आणि घाबरवतो. ते मीटर टीडीएस, म्हणजे पाण्यात विरघळलेले क्षार मोजतं. जंतू त्याला दिसत नाहीत. गटार मिसळलेलं पाणीही ३०० दाखवू शकतं. भारतीय मानकात टीडीएस लिटरला ५०० मिलिग्रॅमपर्यंत चांगलं धरलंय, दुसरा स्रोतच नसेल तर २,००० पर्यंत चालवून घेतलंय. ५०० च्या खाली असेल तिथे आरओ (क्षार काढणारं यंत्र) नको, असं राष्ट्रीय हरित लवादानेही २०१९ मध्ये म्हटलं होतं. नाशिकच्या नळाला येणारं गंगापूर धरणाचं पाणी गोड. त्याला आरओ लावून लिटरमागे दोन-तीन लिटर मोरीत सोडण्यात काय हशील? बोअरचं पाणी प्यावं लागत असेल तर गोष्ट वेगळी. आमच्याकडे दोन्ही पाणी एकाच टाकीत मिसळायचं, त्यामुळे कोणतं यंत्र घ्यावं हेच ठरेना. शेवटी टाक्या वेगळ्या केल्या. पाण्यावरचा आमचा तो सगळ्यात शहाणा खर्च.

पावसाळ्यात गढूळ पाणी आलं की तुरटी फिरवतात. गाळ बसतो, जंतू तसेच राहतात. तुरटीनंतर वरचं निवळ पाणी काढून उकळा, किंवा टाकीत क्लोरीन घाला. चांगल्या प्रतीची ब्लीचिंग पावडर हजार लिटरला अडीच ग्रॅम, थोड्या पाण्यात कालवून, चुना खाली बसू देऊन, वरची निवळ तेवढी ओता. मग तासभर थांबा. गढूळ पाण्यात क्लोरीन गाळातच संपून जातं, म्हणून क्रम उलटा करू नका. नळाशी क्लोरीन लिटरला किमान ०.२ मिलिग्रॅम उरलं पाहिजे. थेंब टाकून रंग बघायचा संच मिळतो, पिवळसर छटा आली की आहे. नळाला रंग येतो आणि टाकीतल्या पाण्याला येत नाही, असं झालं तर दोष तुमच्या टाकीत आहे. झाकण, भेगा, शेजारचा ड्रेनेज चेंबर, या क्रमाने बघा.

आमच्या सभेत शेवटी २० ऐवजी १० किलोवॅट ठरलं. फ्लोट बदलला, बोअरची वेळ बांधली, त्यानंतरच्या उन्हाळ्यात मीटर १,१०० वर थांबलं. सोलरवाला अजूनही म्हणतो, बाकीचे १० लावून टाका, टेरेसवर जागा आहे.