कंपनीच्या कागदपत्रांवर रॅग कसं उभारावं

कंपनीचा परताव्याचा नियम भाषामॉडेलला, म्हणजे चॅटबॉटमागच्या एआयला, माहीत नसतो. विचारलं तर ते बऱ्याचदा बेधडक काहीतरी ठोकून देतं. रॅग (रिट्रीव्हल-ऑगमेंटेड जनरेशन, म्हणजे शोधून मग उत्तर देणं) या पद्धतीत आधी कंपनीच्या कागदपत्रांतून प्रश्नाशी जुळणारे उतारे शोधले जातात आणि ते प्रश्नासोबत मॉडेलपुढे ठेवले जातात. त्यासाठी मॉडेलला नव्याने शिकवावं लागत नाही. मात्र चुकीचा उतारा हाती आला, तर कितीही महागडं मॉडेल लावलं तरी उत्तर चुकतंच.

सुरुवात एकाच विभागापासून करा. त्या विभागाला खरोखर विचारले गेलेले ५० ते १०० प्रश्न गोळा करा आणि प्रत्येकापुढे उत्तर कोणत्या कागदपत्राच्या कोणत्या कलमात आहे ते लिहा. काम कंटाळवाणं आहे, म्हणून बहुतेक जण ते टाळतात. पण हा तक्ता नसेल तर पुढचा प्रत्येक बदल अंदाजपंचे होतो.

मग कागदपत्रांची साफसफाई. एकाच धोरणाच्या तीन आवृत्त्या ठेवल्यात तर शोधात तिन्ही वर येतात आणि मॉडेल त्यांची खिचडी करतं. चालू असलेली एकच ठेवा. स्कॅन केलेल्या पीडीएफवर ओसीआर (चित्रातली अक्षरं मजकुरात बदलणारं सॉफ्टवेअर) चालवा आणि निघालेला मजकूर नमुन्यादाखल डोळ्यांनी वाचा. सर्वांत जास्त घात तक्ते करतात. शोधासाठी कागदपत्रांचे छोटे तुकडे करावे लागतात; त्यात रजेच्या तक्त्याचा मथळा एका तुकड्यात आणि ओळी दुसऱ्यात गेल्या, की मागे उरतं नुसतं ‘१२, १५, ७’. म्हणून प्रत्येक ओळीचं पूर्ण वाक्य करा: ‘प्रोबेशनवरील कर्मचारी, आजारपणाची रजा, वर्षाला ७ दिवस.’

तुकडे ३०० ते ५०० टोकनांचे करून बघा (टोकन म्हणजे मॉडेल वाचतं तो शब्द किंवा शब्दाचा भाग), शेजारच्या तुकड्यांत १० ते १५ टक्के मजकूर सामाईक ठेवा. शक्यतो कलम जिथे संपतं तिथेच कापा आणि प्रत्येक तुकड्याच्या डोक्यावर कागदपत्राचं व कलमाचं नाव घाला. मराठी मजकुराला सहसा इंग्रजीपेक्षा जास्त टोकन लागतात, तेव्हा शब्द मोजून अंदाज बांधू नका.

शोध दोन्ही प्रकारे करा: अर्थावरून एम्बेडिंगने (मजकुराचा अर्थ आकड्यांच्या यादीत मांडून) आणि शब्दावरून बीएम२५ने (जुळणारे शब्द पाहून उतारे क्रमाने लावणाऱ्या सूत्राने). ‘ई-४७ एरर’ विचारलं की एम्बेडिंग ‘ई-४१’चा उताराही खुशाल वर आणतं, कारण अर्थाच्या दृष्टीने दोन्ही सारखेच, नेमका कोड शब्दशोधच पकडतो. दोन्हींचे निकाल एकत्र करून पहिले २०-३० रीरँकरला (प्रश्नाशी ताडून उतारे पुन्हा क्रमाने लावणाऱ्या मॉडेलला) द्या आणि त्यातले ५ मॉडेलकडे पाठवा. सगळेच पाठवले तर खर्च वाढतो आणि मधल्या उताऱ्यांकडे मॉडेलचं दुर्लक्ष होण्याची शक्यताही. काही लाख तुकड्यांपर्यंत पोस्टग्रेस हा डेटाबेस आणि त्यात एम्बेडिंग साठवणारी व शोधणारी पीजीव्हेक्टर ही जोड सहसा पुरते. एम्बेडिंगचं मॉडेल बदललं तर सगळे तुकडे नव्याने इंडेक्स करावे लागतात, हे विसरू नका.

परवानग्यांची चाळणी शोधाच्या वेळीच लावा. ‘पगाराची माहिती सांगू नकोस’ असं प्रॉम्प्टमध्ये (मॉडेलला दिलेल्या सूचनेत) लिहिणं ही सुरक्षा नव्हे. ज्याला फाइल उघडता येत नाही, त्याच्या प्रश्नासाठी तिचा उतारा मॉडेलपर्यंत पोचताच कामा नये. फाइल बदलली की तिचे जुने तुकडे तिच्या आयडीवरून पुसा, नाहीतर रद्द झालेला नियम उत्तरांत डोकावत राहतो.

प्रॉम्प्टमध्ये तीन सूचना हव्यातच: फक्त दिलेल्या उताऱ्यांवरून उत्तर दे, प्रत्येक विधानापुढे स्रोत लिही, उत्तर सापडलं नाही तर तसं सांग.

उत्तर चुकलं की लोक आधी प्रॉम्प्टशी खेळतात. आधी पाहा, योग्य उतारा त्या ५ मध्ये होता का? नसेल तर दोष तुकड्यांत किंवा शोधात आहे. असूनही उत्तर चुकलं, तरच प्रॉम्प्ट आणि मॉडेलकडे वळा. सुरुवातीचा प्रश्नतक्ता प्रत्येक बदलानंतर चालवा आणि योग्य उतारा किती वेळा आला व उत्तर किती वेळा बरोबर निघालं, हे दोन आकडे वेगवेगळे नोंदवा.

‘या वर्षी किती करार संपतात?’ असले प्रश्न मात्र रॅगला देऊ नका. ५ उतारे वाचून ५०० करार मोजता येत नाहीत. तो प्रश्न डेटाबेसकडे वळवा.