बफर द्रावणाचा सामू हाताने कसा काढावा

बारावीच्या बोर्डाच्या परीक्षेत कॅल्क्युलेटर चालत नाही, लॉग टेबल चालते. त्यामुळे अप्पा बळवंत चौकातून ते विकत आणणारे विद्यार्थी आकडे शोधण्याचा भरपूर सराव करतात. मात्र पुण्यात इतकी वर्षे हा भाग शिकवताना मला दिसले आहे, की बफरचे, म्हणजे थोडे आम्ल किंवा आम्लारी घातले तरी ज्याचा सामू (पीएच) फारसा बदलत नाही अशा द्रावणाचे, गणित बहुतेक वेळा लॉग टेबल उघडण्याआधीच चुकलेले असते. म्हणून आधी मिलिमोलचा (मोलच्या हजाराव्या भागाचा) हिशेब, मग उत्तराचा अंदाज आणि शेवटी लॉग, हा क्रम मोडू नये.

दुर्बल आम्ल आणि त्याचा क्षार यांच्या बफरसाठी हेंडरसन-हॅसलबाल्क यांचे सूत्र असे आहे:

सामू = पीकेए + लॉग (क्षार ÷ आम्ल)

पीकेए म्हणजे आम्लाच्या विचरण स्थिरांकाचा ऋण लॉग. अॅसेटिक आम्लाचा स्थिरांक १.८ गुणिले १०चा उणे ५ वा घात आहे. लॉग १.८ म्हणजे ०.२५५३, तो ५ मधून वजा केला की पीकेए ४.७४४७ येतो.

आता एक उदाहरण घेऊ. ०.२ मोलार अॅसेटिक आम्लाच्या ५० मिली द्रावणात ०.२ मोलार सोडियम हायड्रॉक्साइडचे २० मिली द्रावण मिसळले. येथे क्षार वेगळा दिलेला नाही, तो अभिक्रियेतून तयार होतो, आणि नेमके हेच विसरून अनेक जण दिलेल्या संहती थेट सूत्रात घालतात. आकारमानाला मोलारतेने गुणल्यास आम्ल १० मिलिमोल आणि हायड्रॉक्साइड ४ मिलिमोल मिळते. हायड्रॉक्साइड प्रबल असल्याने ते पूर्ण संपते, तेवढेच म्हणजे ४ मिलिमोल आम्ल खर्ची पडते आणि ४ मिलिमोल सोडियम अॅसिटेट तयार होते. आम्ल ६ मिलिमोल उरते. एकूण आकारमान ७० मिली झाले, तरी अंश आणि छेद या दोघांनाही ७० नेच भागायचे असल्याने तो भागाकार करण्यात वेळ घालवू नये.

लॉग पाहण्यापूर्वी कच्च्या कामात अंदाज लिहावा. क्षार आम्लापेक्षा कमी आहे, म्हणजे सामू पीकेएपेक्षा कमी असणार. आणि गुणोत्तर एक दशांशाच्या बरेच वर आहे, म्हणजे तो ३.७४ च्या खाली जाणार नाही. ही एक ओळ पुढची मोठी चूक पकडते.

ती चूक अशी: ४ भागिले ६ म्हणजे ०.६६६७. लॉग टेबलमध्ये त्याचा अपूर्णांक भाग ०.८२३९ मिळतो आणि पूर्णांक भाग ‘बार १’ असतो. बार फक्त १ वर आहे, अपूर्णांक भाग धनच राहतो. म्हणून खरी किंमत –१ + ०.८२३९, म्हणजे –०.१७६१ आहे. घाईत –१.८२३९ वाचले, तर सामू २.९२ येतो, जो आपल्या अंदाजात बसतच नाही. बारची भीती वाटत असेल, तर लॉग ४ मधून लॉग ६ वजा करावा: ०.६०२१ – ०.७७८२, उत्तर तेच. मी स्वतः विद्यार्थ्यांना हीच पद्धत सुचवतो. शेवटी ४.७४४७ – ०.१७६१ = ४.५६८६, म्हणजे सामू ४.५७.

याच द्रावणात १ मिलिमोल हायड्रोक्लोरिक आम्ल घातल्यास सामू किती, असा उपप्रश्न आला तर पुन्हा मिलिमोलपासूनच सुरुवात करावी. क्षार ३ होतो, आम्ल ७ होते, लॉग ३ वजा लॉग ७ म्हणजे –०.३६८०, आणि सामू ४.३८.

अमोनियाच्या बफरमध्ये रीत तीच, परंतु सूत्र पीओएच (हायड्रॉक्साइड आयनांच्या संहतीचा ऋण लॉग) देते आणि छेदात आम्लारी असते. ०.१ मोलार अमोनिया व ०.२ मोलार अमोनियम क्लोराइड असल्यास, पीकेबी (आम्लारीच्या विचरण स्थिरांकाचा ऋण लॉग) ४.७४४७ धरून, पीओएच ५.०४५७ येतो. येथे थांबून ५.०५ हेच उत्तर लिहू नये; २५ अंश सेल्सिअसला तो १४ मधून वजा करावा, म्हणजे सामू ८.९५ मिळतो.