अवघड पित्ताशय आधीच ओळखायचंय? मग रिपोर्ट वाचताना या चुका टाळा

मिरजेत रिपोर्टांना तोटा नाही. जत, कवठे महांकाळकडून येणारा पेशंट कॅरीबॅगेत दोन-तीन सोनोग्राफ्या घेऊनच येतो. त्यातली शेवटची ओळ तेवढी वाचून पित्ताशय काढायच्या दुर्बिणीच्या ऑपरेशनची तारीख द्यायची, ही सगळ्यात महागात पडणारी सवय, कारण चिकटलेलं, काढायला अवघड पित्ताशय मग टेबलवरच कळतं.

किती खडे आहेत यावर ऑपरेशन सहसा अडत नाही, पित्ताशयाच्या मानेशी बसलेला खडा हलतो की नाही यावर अडतं. पेशंटला डाव्या कुशीवर वळवून पुन्हा सोनोग्राफीचा प्रोब ठेवा. सुटा खडा घरंगळतो, रुतलेला जागचा हलत नाही. मिनिटभराचं काम, पण रिपोर्टात ते नसतं, कारण सोनोग्राफी करणाऱ्याला फोन करून कुणी विचारत नाही. मग साधारण असं घडतं: रिपोर्ट चार महिन्यांचा, त्यात ‘एक खडा, भिंत ३ मिमी’. मधल्या काळात दोनदा ताप आणि पोटदुखी येऊन गेलेली, बिलिरुबिन (काविळीत वाढतं ते) किंचित वाढलेलं. टेबलवर घेतल्यावर ओमेंटम (पोटातला चरबीचा पडदा) चिकटलेलं, खडा हार्टमन पाऊचमध्ये (मानेजवळच्या फुगीर भागात) रुतलेला, मुख्य पित्तनलिका पित्ताशयाकडे ओढली गेलेली. हा मिरिझी (रुतलेल्या खड्याने मुख्य नलिका दाबली जाणं), आधी एमआरसीपी (पित्तनलिकांचा एमआरआय) केली असती तर बहुधा दिसला असता. कॅलोचा त्रिकोण (पित्ताशयाची नळी आणि धमनी जिथे सोडवायची ती जागा) सुटत नसेल तर तिथे खोदत बसू नये. पित्ताशय उघडून खडा काढावा, सबटोटल करून (थोडा भाग आत ठेवून बाकीचं काढून) ड्रेन (निचऱ्याची नळी) ठेवावा. ‘अजून थोडं सोडवून बघू’ म्हणणाऱ्यांच्या हातून नलिका कापली जाते.

दुसरी चूक भिंतीच्या जाडीची. सोनोग्राफीला सहा ते आठ तास उपाशी पोट हवं. पहाटेच्या एसटीने निघून स्टँडवर दुधाचा चहा आणि वडापाव खाल्लेल्याचं पित्ताशय आकसतं आणि निरोगी भिंतही जाड दिसते. रक्तातलं अल्ब्युमिन (एक प्रथिन) कमी, पोटात पाणी, डेंग्यू, यांतही भिंत सुजते. उपाशीपोटी, यातलं काही नसताना ४ मिमीच्या वर गेली, तर चिकटलेलं असणार असं धरूनच आत जा. जाडी एकाच बाजूला, वेडीवाकडी असेल तर कॅन्सरची शंका घ्या आणि कॉन्ट्रास्ट सीटी झाल्याशिवाय दुर्बिणीला हात लावू नका.

‘पित्ताशय दिसत नाही’ म्हणजे नाहीच असं नव्हे. खड्यांनी भरून आकसलेलं असू शकतं.

सीटीत खडा नाही म्हणून निश्चिंत होऊ नका. कोलेस्टेरॉलचे खडे सीटीत लपतात.

मुख्य नलिका ६ मिमीच्या वर किंवा लिव्हरच्या तपासण्या बिघडलेल्या असतील तर आधी एमआरसीपी.

सिरोसिस (लिव्हर कडक होणं) असेल तर डॉपलर (रक्तप्रवाह दाखवणारी सोनोग्राफी) करून पित्ताशयाभोवती फुगलेल्या शिरा बघा.

यातलं काही सापडलं की ती केस लिस्टमध्ये पहिली लावा. दुपारी चारला, भूलतज्ज्ञ घड्याळ बघत असताना नको. सीनियरला आदल्या दिवशीच सांगून ठेवा. संमतीपत्रात ‘पोट उघडावं लागेल, पित्ताशयाचा काही भाग आत ठेवावा लागेल’ हे मराठीत लिहा आणि नातेवाइकांना वाचून दाखवा.