रीडमीत नसलेली ओळ

पहिल्या नोकरीच्या दुसऱ्या दिवशी लॅपटॉप मिळाला, रेपो (प्रोजेक्टच्या कोडचा साठा) क्लोन केला, म्हणजे माझ्या मशीनवर उतरवून घेतला. रीडमीत, म्हणजे कोडसोबतच्या माहितीच्या फाइलीत, सेटअपच्या दोनच ओळी होत्या: लागणारी पॅकेजेस बसवायला एनपीएम इन्स्टॉल आणि प्रोग्रॅम सुरू करायला एनपीएम स्टार्ट. दोन्ही चालवल्या. टर्मिनलवर आलं 'कनेक्शन रिफ्यूज्ड' आणि शेवटी ५४३२ हा आकडा.

५४३२ हा पोस्टग्रेस या डेटाबेसचा डीफॉल्ट पोर्ट, म्हणजे डेटाबेसच चालू नव्हता, हे आज झोपेतही सांगेन. तेव्हा वाटलं, आपलंच काहीतरी चुकलंय. दीड दिवस एकटाच झगडत बसलो. शेवटी शेजारच्या सीनिअरला विचारलं, तर तो म्हणाला, "अरे, आधी डॉकर कंपोझ अप करायचं ना! सगळ्यांना माहितीये." म्हणजे डेटाबेस चालू करणारी कमांड. सगळ्यांना माहीत होतं, म्हणूनच कुणी लिहिलं नव्हतं.

तेव्हा नव्याने रुजू झालात की पहिला आठवडा रीडमी जसाच्या तसा पाळा, मध्येच हुशारी करू नका. जिथे अडाल तिथे लगेच टिपून ठेवा. महिन्याभरात हातांना सवय होते आणि गाळलेली पायरी तुम्हालाही दिसेनाशी होते. माझी पहिली पुल रिक्वेस्ट (आपला बदल तपासून सामील करून घ्या अशी विनंती) रीडमीतल्या तीन ओळींची होती: नोडची (ज्यावर हा कोड चालतो) कुठली आवृत्ती, डेटाबेस कसा चालू करायचा, मायग्रेशन (डेटाबेसच्या रचनेतले बदल) कधी चालवायचं. रिव्ह्यूत शेरा आला, 'सगळं नीट चाललं तर स्क्रीनवर काय दिसतं तेही टाक.' हा शेरा मला पुढे कितीतरी वेळा उपयोगी पडला. नुसती कमांड दिली की नवखा माणूस आपलं जमलं की फसलं याच विचारात अडकतो.

मग मला लिहिण्याचा चेवच आला. एका रीडमीत कॉन्फिगचा (सेटिंगच्या फाइलीचा) नमुना म्हणून चालू फाइलच चिकटवली, डेटाबेसच्या खऱ्या पासवर्डसकट. पुढच्या कमिटमध्ये (बदलांच्या नोंदीत) ती ओळ काढली आणि सुटलो असं समजलो. पण कोडमधले बदल जपणाऱ्या गिटच्या इतिहासात जुनी कमिट तशीच राहते, कुणीही मागे जाऊन वाचू शकतं. पासवर्डच बदलावा लागला. आता नमुन्याची वेगळी फाइल ठेवतो, त्यात फक्त सेटिंगची नावं आणि खोटी मूल्यं.

रीडमीत किती लिहायचं? हा प्रोजेक्ट काय करतो, कसा चालवायचा, टेस्ट कशा चालवायच्या, अडलं तर कुणाला विचारायचं. माझ्या मते एवढं बास. बाकी पसारा डॉक्स फोल्डरमध्ये, आणि दुवे रिलेटिव्ह (पूर्ण वेब पत्ता न देता फोल्डरच्या वाटेने) द्या म्हणजे क्लोनमध्येही चालतात. अमुकच लायब्ररी का निवडली, ही कारणं मात्र जरूर नोंदवा. कोड वाचून 'काय' कळतं, 'का' क्वचितच. कोड सार्वजनिक करणार असाल तर लायसन्सची फाइल विसरू नका. ती नसेल तर कोड सगळ्यांना दिसतो, पण कॉपीराइट तुमच्याकडेच असल्यामुळे तो वापरायची परवानगी कुणाला मिळत नाही.

आणि कोड बदलला की त्याच पुल रिक्वेस्टमध्ये रीडमी बदला. 'नंतर करतो' म्हटलेलं मी तरी कधी केलेलं नाही. मागच्या महिन्यात टीममध्ये आलेल्या मुलीने माझ्याच त्या रीडमीवर पुल रिक्वेस्ट टाकली. डॉकर कंपोझची फाइल मीच वेगळ्या फोल्डरमध्ये हलवली होती, रीडमीतली कमांड तशीच होती. तिचे चार तास गेले.